वायरकाका

वायरकाकांच्या माळ्यावर दोन पिंपं आहेत. एकात गणपतीची आरास, दुसऱ्यात वायरी. आरास वर्षातून एकदा खाली उतरते, वायरींचं पिंप दर आठवड्याला. टेपरेकॉर्डरची वायर, कधीच विकलेल्या व्हीसीआरची वायर, जुन्या प्रिंटरची ती मनगटाएवढी 36 पिनांची केबल, आणि ज्या यंत्रांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत त्यांच्या पिना. प्रत्येक वायर इंग्रजी आठासारखी गुंडाळून चिंधीने बांधलेली.

एका दिवाळीच्या साफसफाईत काकू म्हणाल्या, "अहो, यातलं निम्मं तरी भंगारवाल्याला देऊन टाकू या." काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या जुन्या स्कॅनरला लागणारी वायर नेमकी त्याच पिंपातून निघाली आणि काकूंचा मुद्दा कायमचा निकालात निघाला. या जमातीशी वाद घालण्यात अर्थ नसतो तो एवढ्यासाठीच. दहा वर्षांतून एकदा का होईना, त्यांचं खरं ठरतं, आणि उरलेली नऊ वर्षं ते आपल्याला ऐकवतात.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. भर पावसात खड्ड्यात उकिडवं बसून जेली भरलेल्या केबलच्या शंभर-शंभर जोड्या जोडलेला माणूस. तिथे पांढऱ्याबरोबर निळी ही पहिली जोडी, पांढरी-नारिंगी दुसरी, पांढरी-हिरवी तिसरी. केबल कुठल्याही कारखान्यातून आलेली असो, खड्डा कोल्हापुरातला असो की कोलकात्यातला, या क्रमात बदल नाही. निवृत्तीनंतर ते सोसायटीचे बिनपगारी कॉम्प्युटर डॉक्टर झाले, तेव्हा तिथेही त्यांना तीच शिस्त भेटली. एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येणारी पिवळी वायर 12 व्होल्टची, लाल 5 ची, नारिंगी 3.3 ची, काळी म्हणजे अर्थ. हिरवी आणि काळी पेपरक्लिपने जोडली की नुसता डबा टेबलावर घुरघुरू लागतो. हा प्रयोग काका पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवत. चहानंतर पाहुणे थांबत नाहीत, हे त्यांना अनुभवाने कळलेलं होतं.

मग मॉड्युलर एसएमपीएस आले. वायरी डब्याला कायमच्या चिकटलेल्या नाहीत. हव्या तेवढ्या लावा, नको त्या काढा. काकांच्या दृष्टीने हा साक्षात रामराज्याचा आरंभ होता, कारण न लावलेल्या वायरी पिंपात जाऊ शकत होत्या. एकच गोष्ट त्यांना खटकली. या वायरी नखशिखांत काळ्या. पिवळी कुठली, लाल कुठली, कळायला मार्ग नाही. "हल्ली सगळं फॅशन झालंय," एवढंच म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा कॉम्प्युटर काकांनीच जोडलेला. वायरी मदरबोर्डच्या मागून फिरवून, टाय मारून, अशा बसवल्या होत्या की समोरून एकही दिसू नये. परवाच्या पावसाळ्यात वीज गेली, आली, परत गेली आणि एसएमपीएस उडाला. वहिनींनी दुसऱ्या कंपनीचा, 650 वॉटचा नवा डबा मागवला. त्यासोबत वायरींची छान पिशवी होती. काकांनी ती उघडून पाहिली, वास घेतला आणि बंद केली. "कोऱ्या वायरी कशाला खराब करायच्या? आतल्या धडधाकट आहेत. नुसता डबा बदलू."

मदरबोर्डची 24 पिनांची जुनी वायर नव्या डब्यात शिरेना, तेव्हा हा कंपनीचा खोडसाळपणा म्हणत काकांनी तेवढी एक कोरी वायर नाइलाजाने काढली. हार्ड डिस्कची साटाची वायर मात्र सहा पिनांच्या भोकात टक्‌कन बसली. त्या आवाजाने काकांचा चेहरा फुलला. "बघा वहिनी, बसली म्हणजे जुळली!"

बटण दाबलं. पंख्याने अर्धी गिरकी घेतली आणि थांबला. "ढिली असेल," म्हणून काकांनी वायर अंगठ्याने आणखी आत रेटली. पुन्हा अर्धी गिरकी. आता किंचित करपट वास आला, जो वहिनींना आला आणि काकांना आला नाही.

वहिनींच्या मुलाने मल्टिमीटर आणला. डिस्क सोडवून त्याने वायरीच्या टोकाला काटे लावले. जिथे 5 हवेत तिथे आकडा आला 12. झालं होतं ते साधं. वायरीचं डिस्ककडचं टोक जगभर सारखं असतं, त्याचं माप ठरलेलं आहे. मदरबोर्डकडच्या टोकाचंही इंटेलने 1995 मध्ये एटीएक्सचे नियम काढले तेव्हापासून ठरलेलं. एसएमपीएसकडचं टोक मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर. एका कंपनीने 12 व्होल्ट या कोपऱ्यात दिले, दुसरीने त्या. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. प्लास्टिकचा साचा तेवढा बहुतेकदा सारखा. देवळाबाहेर पायात बसली म्हणून चप्पल आपली होत नाही, तसं हे. डिस्कच्या सर्किटवर एक छोटा डायोड असतो. जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः जळून शॉर्ट होतो. पंखा अडखळत होता तो त्या शॉर्टमुळे. एका कारागिराने तो डायोड उपटून काढला आणि डिस्कवरचे मुंजीचे फोटो वाचले. त्याच वायरीवरची शेजारची एसएसडी मात्र गेली ती गेलीच.

काका खजील झाले असतील असं वाटलं असेल, तर तुम्हाला ही जमात माहीत नाही. ते भडकले. "सगळ्या कंपन्यांनी एकदा बसून क्रम ठरवायला काय धाड भरली होती? आमच्या खात्यात असं केलं असतं तर मेमो निघाला असता!" आणि खरं सांगायचं तर यात त्यांचं काहीही चूक नाही. चुकीची वायर आत जाऊच नये अशी खाच ठेवायला कितीसा खर्च आला असता?

पिंपात हल्ली शिस्त आली आहे. प्रत्येक जुडग्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर डब्याचं मॉडेल. वहिनींच्या त्या जुन्या वायरीही आहेत, लाल शाईने फुली मारून.

"काका, यांचा डबा तर जळाला. मग या कशाला?"

"डबा जळाला. वायरींना काय धाड झालीय?"

सध्या दर रविवारी काका जुन्या बाजारात जातात. तो जुडगा पिशवीत असतो. त्या वायरींना शोभेल असा, त्याच मॉडेलचा एसएमपीएस शोधणं चालू आहे. काकूंनी विरोध करणं सोडलं आहे. येताना त्याच पिशवीतून कोथिंबीर आणायला सांगतात.