डीपीवायडी जनुकातल्या बिघाडास खुले पत्र

बिघाड महाशय,

तुमच्या चिकाटीची कमाल आहे. ज्याच्या अंगात तुम्ही बिऱ्हाड करता, त्याला जन्मभर पत्ता लागू देत नाही. युरॅसिल आणि थायमिन ही पिरिमिडीनं मोडणारं डीपीडी विकर तुम्ही अर्धवटच तयार होऊ देता. (ते अजिबातच नसलेल्या काही बाळांना झटके येतात, तिथे निदान तुमची चाहूल तरी लागते.) धाराशिवचा शेतकरी मात्र त्या अर्धवट विकरावर आयुष्य काढतो. मग कॅन्सर होतो, तो किमोसाठी बार्शी-सोलापूर गाठतो, फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिन सुरू होतं आणि तुम्हाला तोंड फुटतं.

चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ मध्ये युरॅसिलला फ्लोरिन जोडून फाइव्ह-एफयू घडवलं. कॅन्सरच्या पेशी युरॅसिल अधाशीपणे ओढून घेतात, म्हणून त्यातूनच त्यांना मारायचं. या औषधाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग एरवी डीपीडी मोडून टाकतं. तुम्ही तेच तोकडं पाडता, आणि इतरांना सोसणारा डोस या माणसाच्या शरीरात साचतो. तोंड सोलवटतं, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी कोसळतात. घरचे म्हणतात, "किमो सोसली नाही." दोष औषधाला, नाहीतर नशिबाला. तुमचं नाव कुठेच नाही!

पण जिल्हा चुकलात. इथल्या १,३१,७४६ बायकांनी १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या मोठ्या अभ्यासात भाग घेतला. एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाला कळलं ते यांच्यामुळे. त्यातल्या एका गटाला तपासणी मिळालीच नाही, ती सल आहेच. तरी लपलेलं आधी हुडकता येतं, हे याच गावांनी दाखवलं.

तुम्हालाही हुडकता येतं. फाइव्ह-एफयूआधी डीपीडीची चाचणी करा, असं युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्येच सांगितलं. तिकडच्या लोकांत नोंदलेल्या तुमच्या चार ठळक रूपांवरच आम्ही विसंबणार नाही. रक्तातलं युरॅसिल मोजूनही तुमचा माग लागतो. तुम्ही सापडलात की डॉक्टर डोस निम्मा करतील, नाहीतर औषधच बदलतील. ही चाचणी परंड्याच्या, भूमच्या माणसाला पहिल्या सलाईनआधी, सरकारी खर्चाने मिळाली पाहिजे. ती मिळेपर्यंत आम्ही मागत राहणार.

तुमचा वैरी,
एक धाराशिवकर