सायलेन्सरची माती विकत कोण घेतं?

मारुती इको रात्री सोसायटीच्या बाहेर उभी असते. सकाळी चावी फिरवली की इंजिन अशी काही डरकाळी फोडतं की समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत येतात. खाली वाकून पाहावं तर सायलेन्सर गायब. पोरांना शाळेत सोडणारा व्हॅनवाला, मार्केट यार्डातून भाजी आणणारा, रुग्णवाहिका चालवणारा, अशांच्या या गाड्या. त्या दिवसाचा धंदा बुडतो, शिवाय नव्या सायलेन्सरचा हजारोंचा खर्च बोकांडी बसतो.

चोराला सायलेन्सरशी घेणंदेणं नसतं. त्याला हवा असतो सायलेन्सरला जोडलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्याच्या आतला भुगा, म्हणजे चोरांच्या आणि पोलिसांच्या बोलीत ‘माती’. धुरातला विषारी वायू निवळावा म्हणून त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. पुणे, नाशिक, मुंबई परिसरात अशा टोळ्या पोलिसांनी पकडल्या, पकडतातही. चार पोरं आत जातात, बातमी येते आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या वस्तीत पुन्हा इकोची डरकाळी ऐकू येते. कारण माती विकत घेणारा दुकान उघडून बसलेलाच आहे.

अमेरिकेने हा धडा फार महागात घेतला. २०१६ साली औंसाला हजार डॉलरच्या आत मिळणारं ऱ्होडियम मार्च २०२१मध्ये २९ हजारांच्या आसपास गेलं, आणि करवती घेऊन माणसं टोयोटा प्रियसखाली शिरू लागली. काम दोनेक मिनिटांचं. मार्च २०२२मध्ये टेक्ससच्या हॅरिस काउंटीतला पोलीस अधिकारी डॅरन अल्मेंडारेझ ड्युटीवर नसताना बायकोबरोबर किराणा आणायला गेला. पार्किंगमध्ये त्याच्याच ट्रकखाली चोर शिरलेले दिसले. त्यांना अडवायला गेला आणि गोळ्या लागून मेला. एका पाइपच्या तुकड्यासाठी! पुढच्या वर्षी त्याच्या नावाने टेक्ससने कायदा केला. चोरीची शिक्षा वाढवली आणि माल घेणाऱ्या भंगारवाल्यांवर नोंदींची सक्तीही केली.

माझ्या लेखी त्यातला दुसरा भागच कामाचा. शिक्षा वाढवायला सगळ्याच सरकारांना आवडतं, कारण टाळ्या मिळतात. पण रात्री दोन वाजता गाडीखाली शिरणारा कलमं वाचून शिरत नाही. सकाळी रोख पैसे कुठे मिळतील एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं. कॅलिफोर्नियाने तिथेच बोट ठेवलं. १ जानेवारी २०२३पासून सुटा जुना कन्व्हर्टर कोणाकडून घ्यायचा हे कायद्याने ठरवून दिलं. परवानाधारक व्यावसायिक असेल तर ठीक, नाहीतर तो आपल्याच गाडीचा असल्याचे कागद दाखवा. मिनेसोटा आणखी पुढे गेलं. गाडीवरून काढलेला कन्व्हर्टर जवळ आहे आणि त्यावर गाडीची ओळख कोरलेली नाही? मग तो बाळगणं हाच गुन्हा. चोरी करताना कोणी पाहिलं का, हा प्रश्नच उरत नाही.

वरची साखळी किती लांब असते तेही तिकडेच दिसलं. नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्रीय तपास यंत्रणांनी पाच राज्यांतल्या २१ जणांवर आरोप ठेवले. न्यू जर्सीतल्या एका कंपनीने हा माल पुढे धातू शुद्ध करणाऱ्या कारखान्याला ५४ कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकला होता. करवत हातात धरणाऱ्या पोराला त्यातले किती मिळाले असतील?

आपल्याकडे चोरीचा माल घेणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षाही आहे. मात्र माल चोरीचा आहे हे त्याला माहीत होतं, किंवा तसं मानायला कारण होतं, हे आधी सिद्ध करावं लागतं. भंगारवाला हात वर करतो: ‘साहेब, गिऱ्हाईक आलं, मी वजन केलं, पैसे दिले.’ चूर्ण झालेल्या मातीवर कुठला आलाय चेसिस नंबर!

म्हणून राज्य सरकारकडे मागणी सरळ आहे. सुटा कन्व्हर्टर किंवा त्यातली माती घेणाऱ्याने विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि गाडीच्या आरसीची प्रत ठेवलीच पाहिजे. व्यवहार रोखीत नको, बँकेतूनच. नोंद नसलेला माल गोदामात सापडला तर गोदामाला टाळं. आणि गाडी विकतानाच कंपनीने कन्व्हर्टरवर चेसिस नंबर कोरून द्यावा. यातलं काहीही अवघड नाही.

सरकार हलेपर्यंत तुमच्या हातात एक गोष्ट आहे. गॅरेजवाला ‘जुना ओरिजिनल सायलेन्सर आहे, निम्म्यात बसवून देतो’ म्हणाला, तर बिल मागा. बिल नसेल तर तो घेऊ नका.