घेरदार बॅगी

कर्जतला गोदड महाराजांच्या रथयात्रेत नजर जरा खाली ठेवून बघा. आजोबांचं धोतर आणि नातवाची बॅगी जीन्स, घेर जवळपास तेवढाच. आजोबा चिखल दिसला की सोगा उचलतात. नातू सगळा बाजारतळ झाडत जातो. पूर्वी गणवेश ‘वाढत्या अंगाचा’ घ्यायचे. बाही कोपराखाली, चड्डीला करदोट्याचा आधार, आणि वर्गभर ‘बुजगावणं’ म्हणून उद्धार. आता तोच ढगळपणा जादा पैसे मोजून येतो! ऑस्ट्रेलियाची कसोटी टोपीही ‘बॅगी ग्रीन’, पण ती खेळून मिळवावी लागते. इथं बापाच्या कांदापट्टीवर भागतं. हौस करा पोरांनो, फक्त मोटारसायकलवर बसताना पॅन्टचा पाय चेनपासून सांभाळा.