न जाण्याचे दहा लाख

अमेरिकेच्या युटा राज्यातला मॉर्मन पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की दोन वर्षं धर्मप्रचाराला बाहेर पडतो. चर्च म्हणेल त्या देशात जायचं. खर्च त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा. कित्येक जण त्यासाठी शाळेत असल्यापासून पैसे साठवतात. आपल्याकडे माझ्या वेळी रीत नेमकी उलटी होती. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या पोरानं एक वर्ष सरकारी सेवा करायची, नसेल करायची तर दहा लाख रुपये भरायचे. तिकडे जाण्याचे पैसे पडतात, इकडे न जाण्याचे पडायचे. माझ्या वडिलांकडे दहा लाख नव्हते, आणि असते तरी त्यांनी ते माझ्यावर घातले नसते. अशा रीतीनं मी भामरागड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालो. नंतर पुण्यात लोक विचारायचे, "आदिवासी भागात काम करायची प्रेरणा कुठून मिळाली?" अशा वेळी खाली बघून मंद हसावं. आकडे सांगू नयेत.

मॉर्मन पोरांची ही सगळी माहिती मला ताईकडून मिळाली. ती सॉल्ट लेक सिटीजवळ राहते. तिच्या दारात एकदा पांढरे शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावाची पट्टी लावलेले दोन गोरेगोमटे पोरगे उभे राहिले. ताईनं त्यांना घरात घेतलं, पोहे दिले, आलं घालून चहा ठेवला. पोहे त्यांनी पुन्हा मागून घेतले, चहाला मात्र हात लावला नाही. त्यांच्या धर्मात 1833 सालच्या एका साक्षात्कारावरून चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. धर्माबद्दल ते काय बोलले ते ताईला आज आठवत नाही, पण चहा परत गेला हे ती अजून विसरलेली नाही.

त्यांच्या नियमांची यादी ऐकून मला आमच्या होस्टेलचे रेक्टर दयाळू वाटायला लागले. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. कायम जोडीनं राहायचं. जोडीदार नजरेआड होता कामा नये, अपवाद फक्त न्हाणीघराचा. प्रेमप्रकरण नाही. आणि घरी फोन? 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. त्यानंतर दर आठवड्याला परवानगी मिळाली.

यातले बहुतेक नियम माझ्यावरही होते, फक्त ते कोणी छापलेले नव्हते. फोनचा नियम पर्लकोटा नदीनं आणि मोबाइल कंपन्यांनी मिळून केला होता. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर यायची, तीही वारा अनुकूल असेल तर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली, भामरागड बेट, आणि पलीकडच्या गावांचा जगाशी संबंध संपला. टाकीवरून मी आईला सांगायचो, "मी ठीक आहे." आईला ऐकू यायचं, "मी... आहे." तेवढ्यावर ती चार दिवस काढायची.

जोडीदाराचा नियम अस्वलांनी केला होता. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुलं गळायला लागली की माणसं आणि अस्वलं एकाच झाडाखाली एकाच वेळी पोचतात, त्यामुळे एकट्यानं पायवाटेला लागायचं नाही. माझे जोडीदार म्हणजे आमचे फार्मासिस्ट भाऊ. मूळचे ब्रह्मपुरीकडचे, वयानं माझ्या दुप्पट, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे कट्टर भक्त. वडसा ही त्या नाटकांची पंढरी. दिवाळी झाली की तिथून कंपन्या गावोगाव निघतात आणि रात्रभर नाटक चालतं. भाऊंना सगळ्या खलनायकांचे संवाद पाठ. रात्री साडेदहाला दिवा बंद व्हायचा (वीजच जायची) आणि अंधारात भाऊंचा पहिला अंक सुरू व्हायचा.

मॉर्मन पोरांना आठवड्यातून एक तयारीचा दिवस मिळतो: कपडे धुवा, केस कापा, वाणसामान आणा. आमचा आठवडी बाजाराचा दिवस मात्र सगळ्यात कामाचा. लोक दहा-दहा किलोमीटर चालत बाजाराला येतात, आलोच आहोत तर डॉक्टरही करून घेऊ म्हणतात. मीठ, मिरची, सुई, या क्रमानं. सुई म्हणजे इंजेक्शन. गोळी देणारा डॉक्टर हा तिथे जरा कमी शिकलेला समजतात.

प्रचार आम्हीही दारोदार केला. आमचा संदेश एकच, मच्छरदाणी. गडचिरोलीत मलेरिया पावसासारखा येतो आणि सरकार औषध लावलेल्या मच्छरदाण्या फुकट वाटतं. मी एका पाड्यावर दहा मिनिटं शुद्ध पुणेरी मराठीत डासाचं जीवनचक्र समजावलं. सोबतच्या आशाताईनं तिथल्या माडिया बोलीत त्याचं एक वाक्य केलं आणि सगळे खो खो हसले. मी विचारलं, "काय सांगितलंत?" ती म्हणाली, "सांगितलं जी, जाळीत झोपा, नाही तर हा सुई घेऊन येईल." त्या पाड्यावर मच्छरदाण्या खरंच वापरात आल्या. एकीत कोंबडीची पिल्लं होती, एक नदीत मासे धरत होती, पण दोन-तीन घरांत माणसंही आत झोपलेली दिसली. युटाच्या पोरांना सबंध मोहिमेत असं यश किती वेळा मिळतं ते ताईनं त्यांना विचारायला हवं होतं.

मिळत नसावंच फारसं. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक 1852 साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. पुणेकराला त्याचं मत सोडून दुसरं मत पटवायला निघालेला हा माणूस धैर्याचा मेरुमणी म्हटला पाहिजे. छावणीतल्या गोऱ्या साहेबांनीच त्याच्या वाटेत काटे पसरले, बाकीचं पुण्यानं पाहून घेतलं असेल. मूठभर अनुयायी जमवून तो दोन-तीन वर्षांत परतला. मी त्याच पुण्यात वाढलो, त्यामुळे फिंडलेबद्दल मला थोडं अपराधी वाटतं.

आमच्या घरातले पहिले मिशनरी खरं तर माझे वडील. बाबा आमट्यांनी 1967 पासून मूल तालुक्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली. मे महिन्यात. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर जातो, तेव्हा शहाणी माणसं मातीला हात लावत नाहीत. तिथे शहरातली पोरं पहाटे उठून कुदळी मारायची. वडील कॉलेजात असताना एकदाच आठवडाभर गेले होते. त्या आठवड्यावर त्यांनी पुढे सगळा संसार केला. मी दूध सांडलं की सोमनाथ, मला गणितात कमी पडले की सोमनाथ. माझी ऑर्डर भामरागडची निघाली तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला की आईला संशय आला, दहा लाख होते की काय यांच्याकडे.

कपड्यांच्या बाबतीत मात्र आमचा प्रांत युटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिथे टाय सैल करायचा नाही. इथे हेमलकशाला 1973 पासून काम करणारे डॉ. प्रकाश आमटे अर्धी चड्डी आणि बनियनवर. लोकांच्या अंगावर कपडा नाही तर आपण सूटबूट कसला घालायचा, असा तो हिशेब. मी पहिल्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओपीडीत बसलो. एक म्हातारा आला, माझ्याकडे बघितलं, आणि भाऊंना हळूच विचारलं, "तपासणीवाले आले का जी?" तो शर्ट मी मार्च अखेरीस, खरी तपासणी आली तेव्हाच परत घातला.

मला वाटतं, साडेसहा, साडेदहा, टाय, जोडीदार हे सगळे नियम देवासाठी नसतात आणि ज्यांना तारायचं त्यांच्यासाठी तर नसतातच. परक्या मुलखात संध्याकाळी पाच ते सात या वेळात एकोणीस-तेवीस वर्षांच्या पोरानं भिंतीकडे बघत बसू नये, एवढ्यासाठी ते असतात. माझ्या संध्याकाळची सोय गावानं केली होती. पाच वाजले की कोणी ना कोणी पायरीवर येऊन बसायचं आणि माझी तपासणी सुरू व्हायची. पगार किती? आई शेत करते का? लगन झाला का जी? नाही? काहून? काही आजार आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात काळजीनं विचारला जायचा. विचारणारा गावचा पुजारी, म्हणजे धंद्यातला माझा प्रतिस्पर्धी. ताप उतरवायला लोक आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. त्याला स्वतःला ताप आला की तो सरळ माझ्याकडे, पण रात्री, मागच्या दारानं. रक्त तपासून मलेरियाच्या गोळ्या दिल्या की तो हिरमुसायचा. "पुजाऱ्यालाही गोळीच?"

चहाच्या जागी आमच्याकडे मोह. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, ही गोष्ट मोहाच्या झाडांना कोणी कळवलेली नाही. कुठल्या घरी बारसं असो की बीजपंडुमचा सण, पानाच्या द्रोणातून आग्रह ठरलेला. मी सरकारी नोकर, हात जोडायचो. पण ताईच्या चहासारखाच हा नकार लोक मनावर घ्यायचे. शेवटी भाऊंनी तोडगा काढला: डॉक्टरसाहेबांना घरून बंदी आहे, आई फार कडक आहे. कायद्याला कोणी भीक घातली नव्हती, आईपुढे सगळे नमले. द्रोण परत जायचा आणि त्या जागी भाजलेल्या मोहफुलांचा तिळगुळासारखा गोड लाडू यायचा.

जानेवारीत ही कडक आई प्रत्यक्ष आली. बल्लारशापर्यंत रेल्वे, पुढे आष्टी, आल्लापल्ली करत एसटीनं धुळीसकट. आठवडा राहीन म्हणाली, तीन आठवडे राहिली. पुजाऱ्याशी गुडघेदुखीवर चर्चा, आशाताईकडून लाडवांची कृती, भाऊंबरोबर एक अख्खं नाटक. जाताना पिशवीत बचत गटाचे मोहाचे लाडू, एवढे की कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं.

माझं वर्ष संपून आता बराच काळ लोटला. लाडवांची पार्सलं मात्र अजून येतात, आणि दर रविवारी सकाळी आई इस्त्रीची साडी नेसून आमच्या सोसायटीत दारोदार फिरते. बरोबर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. एकटी ती कधीच जात नाही. एका हातात डबा, दुसऱ्यात बचत गटाचं पत्रक. घरात घेतलं तर पाऊण तास बोलते. चहा विचारला तर नको म्हणते, अजून सी विंग राहिलीय. परवा मी खिडकीतून बघत होतो. त्या दोघी सी विंगच्या जिन्यात शिरल्या आणि पहिल्या मजल्यापासून वर एकेका घरातला टीव्हीचा आवाज बंद होत गेला.