विरार लोकल आणि कलम १५५

आमच्या वसईत पूर्वी हुशार मूल बँकेत नाहीतर शाळेत चिकटायचं. माझ्या पुतणीनं मानसशास्त्रात बी.ए. केलं, आता मुंबईला कायदा शिकते आहे आणि सोबत गुन्हेगारीशास्त्र आहेच. त्यामुळे घरात माझं काय चुकतं, हे हल्ली तीन शास्त्रांच्या आधारे सिद्ध होतं.

सुरुवातीलाच तिनं माझे कान निरखले. लोम्ब्रोझो नावाच्या इटालियन डॉक्टरनं १८७६ साली ग्रंथ लिहून सांगितलं, की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि अंगलटीवरून ओळखू येतो: पुढे आलेला जबडा, लांब हात, मोठाले कान. कान तर आमच्या घराण्याचे प्रसिद्धच. "घाबरू नका काका, ती थिअरी कधीच मोडीत निघाली," असं म्हणाली खरी, पण बघत होती कानांकडेच.

तिच्या टेबलावर दोन कायदे शेजारी शेजारी असतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना १८६० चं जुनंच दंडविधान. म्हणून खुनाचं ३०२ही पाठ आणि १०३ही. फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८ आलं. विरारमध्ये कुणाला 'तीनशे अठरा' म्हणून बघा, त्याला तो फ्लॅटचा नंबर वाटेल.

पण या तिन्ही विषयांचं खरं प्रात्यक्षिक चर्चगेट ते विरार या साठ किलोमीटरांत होतं, असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळची विरार फास्ट अंधेरीला थांबते. दारात चौघे, पाठीवरच्या सॅका पोटावर, एकेक हात दांड्याला. चढू पाहणाऱ्याला प्रश्न एकच: "कुठे उतरणार?" तो "बोरिवली" म्हणाला, की संपलं. "मग बोरिवली पकडा ना!"

सदरलँड हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ म्हणायचा, गुन्हा रक्तातून येत नाही, संगतीत शिकला जातो. नुसती युक्ती नाही, ती योग्य कशी याची सबबही. विरार लोकल त्यानं पाहिली नव्हती, तरी अचूक बोलला. नायगावला नवा फ्लॅट घेतलेला माणूस आठवडाभर दबकून उभा राहतो. महिन्याभरात पाय आडवा घालायला शिकतो. मग सबबही येते: "आम्ही तासभर लटकायचं आणि यांना दोन स्टेशनांसाठी आमचीच गाडी?" हा गृहस्थ गेल्या वर्षापर्यंत बोरिवलीला भाड्यानं राहत होता.

आता कायदा. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १५५: राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला चढायला अडवणं हा गुन्हा, दंड दोनशे रुपयांपर्यंत. हे मला पुतणीनंच वाचून दाखवलं.

"मग तू लेडीज डब्यात काय करतेस?"

"आधी मानसशास्त्र. 'ताई, पुढच्या दारात जागा आहे,' असं गोड सांगते."

"आणि कलम?"

"कलम कशाला सांगू त्यांना? मीपण विरारलाच येते ना काका!"

तेव्हा बोरिवलीकरांनो, कायदा तुमच्या बाजूचा आहे, कलमाचा आकडा लिहून ठेवा. फक्त तो विरार फास्टच्या दारात वाचून दाखवू नका. मागून बोरिवली लोकल येतेच आहे, ती पकडा.