नागपूर–मुंबई हवाई अंतर : प्राथमिक धडे

सुरुवात नागपूरच्या झीरो माइलपासून करा. चार घोड्यांच्या त्या खांबाशेजारी उभं राहिलं की अभ्यासाला आपोआप वजन येतं. खांबावर हैदराबाद, जबलपूर, रायपूर अशी गावं आणि त्यांचे मैल कोरलेत. ते वहीत उतरवू नका, ते सडकेचे आहेत. विमानाच्या वाटेत बडनेरा लागत नाही.

सरळ रेषेतलं अंतर मात्र घरी काढता येतं. मुंबई आपल्या दोन अंश दक्षिणेला आणि सहा अंशांहून थोडी जास्त पश्चिमेला. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश आपल्याकडे सुमारे १०४ भरतो, कारण रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ सरकतात. इथे नवशिके दोन्हीकडे १११ धरतात आणि उत्तरात चाळीसेक किलोमीटर फुकटचे वाढवतात. पायथागोरसला कामाला लावा : सुमारे ६८०. रेल्वेनं हेच ८३७ होतं. समृद्धी ७०१ किलोमीटरची. पण ती भिवंडीजवळ आमण्याला संपते आणि मुंबईची खरी परीक्षा तिथून पुढे.

आता वेळ. ६८० भागिले ताशी ८०० म्हणजे ५१ मिनिटं. हा आकडा कुणाला सांगू नका. वेळापत्रकात दीडेक तास असतो, कारण तिथला हिशेब विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा. चढताना-उतरताना वेग कमी. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. म्हणून कधीकधी वरच घिरट्या. हिवाळ्यात उंचावर जोरदार पश्चिमी वारे असतात. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या ते पाठीशी, जाणाऱ्या नागपूरकराच्या तोंडावर. याला विदर्भावरचा अन्याय म्हणायचं की नाही, ते ज्यानं-त्यानं ठरवावं.

घरच्यांचा वेळ वेगळाच. आई तीन तास आधी बाहेर काढते. शेजारच्या काकू संत्रा बर्फीचे डबे आणून देतात, मग बॅग पुन्हा उघडा, पुन्हा वजन करा. उतरल्यावर अंधेरीची गर्दी आहेच. बेरीज पाच-सहा तासांवर गेली की काकाजी म्हणतील, ‘विदर्भ एक्सप्रेसनं गेला असता तं झोपही झाली असती ना बे!’ वाद घालू नका. झोपेचा हिशेब त्यांचाच बरोबर आहे.

शेवटचा धडा प्रगत विद्यार्थ्यांसाठी. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री विमानं सुटत, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भेटत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. सरळ रेषेत मुंबई सर्वांत जवळ, कलकत्ता सर्वांत लांब, तरी चौघांनाही हे गाव हजार किलोमीटरच्या आतच पडतं. तेव्हा मद्रासचं पत्र कलकत्त्याला जाताना नागपुरात विमान बदलायचं. आता पुष्कळ ठिकाणी जायचं तर नागपूरकर मुंबईत किंवा दिल्लीत बदलतो.

गृहपाठ : कलकत्ता ते नागपूर सुमारे ९८५ किलोमीटर, डाकोटा विमानाचा वेग ताशी ३०० धरा. मध्यरात्री सोनेगावला टेकायचं तर कलकत्त्याहून किती वाजता निघावं? थैल्या चढवायला लागणारा वेळ वेगळा दाखवावा. वाऱ्याची सबब चालणार नाही.