संधीचा वार, चाकण चौक

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ च्या नियमांत ‘ऑपर्च्युनिटी अटॅक’ची सोय आहे: शत्रू तलवारीच्या टप्प्याबाहेर जाऊ लागला, की त्याच्यावर एक जादा वार. ६ सेकंदांच्या फेरीत एकदाच. या ६ सेकंदांचा अर्थ लावायला खेळाडू अर्धा तास वाद घालतात, ही काटेकोर वृत्ती स्तुत्यच. ती पुणे-नाशिक महामार्गालाही लागू व्हावी. खेळातला माणूस एका फेरीत ३० फूट चालतो, म्हणजे ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर. याच महामार्गावर चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी हा वेग अतिरंजित वाटेल, असा आक्षेप येईल. पण मुद्दा तोच आहे. वार होतो तो टप्प्याबाहेर जाणाऱ्यावर. इथे कंटेनर, कंपनीची बस, दुचाकी, कुणीच कुणाच्या टप्प्याबाहेर जात नाही. सबब हा चौक ही सर्वांत शांततामय रणभूमी ठरते. उड्डाणपूल झाल्यास मात्र हिंसाचाराची शक्यता नाकारता येत नाही.